अध्यक्षांचा फोटो जरा डावीकडे

वाचनालयाच्या वेबसाइटसाठी ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ माणूस हवा होता. मला मराठी टाइप करता येतं, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडे आलं. वेबसाइट बांधून देणारा मुलगा जाताना म्हणाला, “काका, कोडिंग वगैरे काही नाही. व्हिज्युअल एडिटर आहे. दिसतं तसंच छापलं जातं.” यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

दिसतं, पण कुणाला? मला एडिटरमध्ये दिसतं ते वेगळं, कार्यवाहांना त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दिसतं ते वेगळं, आणि अध्यक्षांना मोबाइलवर स्वतःचा फोटो हनुवटीपासून खाली दिसतो. “जरा डावीकडे घ्या,” असा त्यांचा निरोप येतो. फोटो डावीकडे ओढला की मजकूर उजव्या बाजूने वर सरकतो, त्याच्यामागून पुढच्या बातमीचा मथळाही घुसतो, आणि ‘दुःखद निधन’ हे शब्द नेमके अध्यक्षांच्या कानाशी येऊन थांबतात. हे निस्तरायला जावं तर बटणांची पट्टी तरंगत येते आणि दुरुस्त करायची ओळ झाकून बसते.

पत्त्याच्या चार ओळी लिहायच्या तर प्रत्येक एंटरला मध्ये अंगण सुटतं. शिफ्ट दाबून एंटर मारायचा असतो, हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ही विद्या गुरुमुखातूनच मिळते.

खोट मुळात आहे. वेबपान बहुतेकांपर्यंत आलं ते वाचण्यापुरतंच. २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ ने त्याच पानावर थेट लिहायची सोय दिली, आणि मग प्रत्येक ब्राउझरने तिचा आपापला अर्थ लावला. एंटर मारला की एक्सप्लोरर नवा परिच्छेद सुरू करायचा, क्रोम नवा डबा मांडायचा आणि फायरफॉक्स नुसती ओळ तोडून मोकळा व्हायचा. पडद्यावर तिन्हींत जवळजवळ सारखंच दिसायचं. भांडण आत चालू असायचं.

वर्डमधून मजकूर चिकटवणं हा तर स्वतंत्र अध्याय. वर्डचा परिच्छेद एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो: फॉन्ट, रंग, समास, दोन ओळींमधलं अंतर, सगळे मुक्कामाला. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं तर बहुतेक ठिकाणी नुसता मजकूर आत येतो. पण कार्यवाहांना वऱ्हाडच हवं असतं. जुने अहवाल तर युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधले. ते चिकटवले की पानभर टिंबं-टोप्या घातलेली रोमन अक्षरं उमटतात. मग मी ‘फॉरमॅटिंग साफ करा’ हे बटण दाबतो. त्याने एकदा इतक्या निष्ठेने सफाई केली की ‘ऱ्य’ जोडणारं अदृश्य चिन्हही झाडून नेलं. आमच्या गिर्यारोहण विभागाची सहल सह्याद्रीच्या दऱ्यांत जायची होती, ती ‘दर्यांत’ निघाली. दोन सभासदांनी पोहता येणं आवश्यक आहे का, असं विचारलं.

२०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या प्रणालीने नवा एडिटर आणला. प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र म्हणजे एक सुटा ठोकळा. नाव ठेवलं गुटेनबर्ग. जुना एडिटर परत आणून देणारं प्लगइनही निघालं आणि ते पन्नास लाखांहून जास्त वेबसाइटांवर बसलं. प्रगतीला इतकं नम्र उत्तर क्वचितच मिळालं असेल.

पण छपाईवाल्या गुटेनबर्गचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा लेखक आणि सजावट यांच्यामध्ये एक कंपोझिटर उभा असायचा. ‘हे ठळक करा, ते तिरपं करा’ म्हटलं की तो चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, “तिरपा टाइप नाही आपल्याकडे.” विषय संपला. देवनागरीला तिरपं वळण परंपरेनं नाहीच; तरी एडिटरमधलं बटण दाबा, सरळ अक्षरं ढकलून कलती करून देतं. लाल? घ्या. मध्यभागी? घ्या. अधोरेखित, ठळक, पिवळ्या पार्श्वभूमीवर? हो, हो, हो. या यंत्रात सगळं आहे, फक्त नकार देणारा कंपोझिटर नाही. म्हणून ‘ग्रंथालय सोमवारी बंद राहील’ ही चार शब्दांची सूचना आमच्याकडे चार रंगांत लागते.

शेवटी मी कार्यवाहांच्या लॉगिनमधून रंगांचं बटण काढून टाकलं. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सूचना लाल अक्षरांत छापून आणली, टेबलावर ठेवली, मोबाइलने तिचा फोटो काढला आणि तो वेबसाइटवर चढवला. फोटो थोडा तिरका आलाय, खाली त्यांचा अंगठाही दिसतो. पण मजकूर जागचा हललेला नाही.