नॅटसम्राट

पाहुणा घरात आला की चपला काढतो, पाणी पितो, मुलांची चौकशी करतो. नॅटसम्राट चपला काढता काढताच भिंतीकडे बघतात. राउटर कुठे टांगलाय, अँटेना कुठे वाकवल्यात, मागे वायरी किती खोचल्यात, हे सगळं उंबऱ्यातच टिपून होतं. पाणी येईपर्यंत वाय-फायचा पासवर्ड मागून झालेला असतो. चहा येईपर्यंत दुसरा, म्हणजे खरा पासवर्ड.

"ॲडमिनचा? तो काही आम्हाला माहीत नाही बुवा."

हे ऐकल्यावर त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरतं, ते चहाच्या वासाचं नसतं. "बदललाच नसणार," असं म्हणत ते १९२.१६८.१.१ टाइप करतात, दोन्ही रकान्यांत 'ॲडमिन' घालतात आणि आत शिरतात. चहावर साय धरते.

हा माणूस डोंबिवलीतही सापडतो आणि कोथरूडमध्येही. आमच्या सोसायटीतले नॅटसम्राट पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत संगणकाशी त्यांचा संबंध आला तो पगारपत्रकापुरता. निवृत्तीनंतर बाकीच्यांनी हास्यक्लब धरला, यांनी राउटर धरला. खिशात रुमालाशेजारी सिमकार्ड काढायची पिन असते, ती राउटरचं रिसेटचं भोक दाबायला. शबनममध्ये दोन मीटर लॅन केबल. वाय-फायवरून सेटिंग बदलणाऱ्यांबद्दल त्यांचं मत छापण्यासारखं नाही.

नॅट म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन. ते समजावून सांगावं तर यांनीच. "चाळीत फोन एकाच बिऱ्हाडात असायचा ना? बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर तोच नंबर, पुढे कंसात पी.पी. राउटर म्हणजे त्या फोनवाल्या काकू. आतल्या प्रत्येक यंत्राला घरगुती पत्ता, बाहेर जगाला मात्र एकच नंबर दिसतो. आतून कुणी फोन लावला की काकू वहीत लिहिणार, कुठल्या खोलीतून, कुणाला. उत्तर आलं की वही बघून बरोबर त्याच खोलीला हाक. आता बाहेरून आपणहून कुणाचा फोन आला तर? वहीत नोंदच नाही! काकू फोन ठेवून देणार. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवायचं, ५५४ नंबर विचारत कुणी आलं तर कॅमेऱ्याला हाक मारा. यालाच म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग."

इथे थांबले असते तर सोसायटीने त्यांचा सत्कार केला असता. पण गाडी पुढे १९९४ वर जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटचा आराखडा मांडला. या दोघांचा उल्लेख ते चुलतभावांसारखा करतात. जुन्या पद्धतीचे पत्ते मिळून ४२९ कोटी, जगात माणसं ८०० कोटी, आणि माणशी फोन, टीव्ही, घड्याळ, आता तर पंखासुद्धा. पत्ते पुरणार कसे? "तेव्हा म्हणाले, तात्पुरता उपाय आहे. तात्पुरता!" हा शब्द ते अशा सुरात उच्चारतात की सोसायटीच्या टाकीवरची तात्पुरती ताडपत्री ज्याने घातली तो सेक्रेटरी खाली बघायला लागतो.

त्यांच्या घरात प्रत्येकाचा पत्ता कायमचा नेमून दिलेला आहे. स्वतः दोनवर, पत्नी दहावर, मुलगा अकरावर, टीव्ही पन्नासवर. "सासूबाईंना वीस नंबरचं रिझर्वेशन दिलंय," हे ते नव्या शेजाऱ्याला अभिमानाने सांगतात, आणि नवा शेजारी रेल्वेचं समजून "खालचा बर्थ मिळाला का?" असं विचारतो. एकदा सगळं जग १९२.१६८ वापरतं म्हणून त्यांनी घराचे सगळे पत्ते बदलून १० पासून सुरू होणारे केले. फायदा काय झाला हे कुणाला कळलं नाही. प्रिंटर मात्र तेव्हापासून रुसलेला आहे.

"अहो, साडेआठला मालिका आहे हं," आतून आवाज येतो.

"अगं, दोनच मिनिटं नेट जाईल."

ही दोन मिनिटं त्या घरात सगळ्यांना माहीत आहेत. सासूबाई जप घेऊन बसतात.

त्यांच्या आयुष्यातलं महायुद्ध झालं ते गावच्या कॅमेऱ्यावरून. कोकणातल्या घराच्या पडवीत यांनी कॅमेरा लावला. हेतू असा की डोंबिवलीत बसून फणसावर नजर ठेवायची. राउटरमध्ये नियम लिहिला, पोर्ट उघडलं, आणि तिथेच पडवीत बसून मोबाइलवर फणस बघितला. दिसला. डोंबिवलीला येऊन बघितला, तर पडदा काळा. पुन्हा गावी गेले, पुन्हा दिसला. समोर झाड असताना ते मोबाइलमध्ये बघणाऱ्या या गृहस्थाकडे गुरंसुद्धा थांबून बघत. मग एका रात्री त्यांना उलगडा झाला. राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे कंपनीनेच शेकडो घरं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली. ज्या काकूंना इतकं समजावून ठेवलं, त्या काकूंचाच फोन पी.पी. निघाला!

कंपनीच्या मदत केंद्राशी त्यांचं संभाषण झालं ते साऱ्या जिन्याने ऐकलं.

"सर, राउटरवर लाल दिवा लागलाय का?"

"दिवा हिरवा आहे. तुम्ही मला कॅरियर ग्रेड नॅटच्या मागे टाकलंय."

"सर, एकदा बंद करून चालू करता का?"

"काय बंद करू? तुमचं नॅट?"

स्थिर पत्ता महिन्याला थोडे जादा पैसे भरून मिळतो. तो मार्ग त्यांना सुचवला गेला, पण पत्ता हा नागरिकाचा हक्क आहे, अशा तात्त्विक कारणाने त्यांनी तो फेटाळला. शेवटी मेव्हण्याचा दहावीतला मुलगा सुट्टीला आला, कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा क्यूआर कोड त्याने स्कॅन केला आणि फणस डोंबिवलीत हजर केला. कॅमेरा आतून आपणहून कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो, आतून निघालेल्या संभाषणाला वहीत नोंद मिळते, त्यामुळे पोर्ट उघडावंच लागत नाही. नॅटसम्राटांनी हे सगळं त्या पोराला नीट समजावून सांगितलं आणि म्हणाले, "पण ही चीटिंग आहे." फणस ते अजूनही त्या ॲपवर बघत नाहीत. पत्नी बघते.

सुरक्षेच्या बाबतीत ते कडक. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेऊन अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं कशी पाडली, ही कथा ते गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना सांगतात. मुलं घाबरतात. त्यांचा स्वतःचा पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि पुढे जन्मसाल, हे त्या मुलांनाही माहीत आहे.

इतकी वर्षं त्यांची एकच भविष्यवाणी होती, आयपीव्ही६ येणार. १९९५ पासून कागदावर असलेली ही नवी पद्धत आली की पत्ते इतके होतील की घरातल्या प्रत्येक बल्बला स्वतःचा जागतिक पत्ता मिळेल. नॅट संपेल, पोर्ट फॉरवर्डिंग संपेल, काकू निवृत्त होतील. ३ फेब्रुवारी २०११ ला जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला, तेव्हा यांनी घरी शिरा केला होता म्हणतात.

आणि परवा ते खरंच आलं. कंपनीने गाजावाजा न करता आयपीव्ही६ सुरू केलं. घरातल्या दोन, दहा, अकरा, वीस, सगळ्यांना जगभर चालणारा स्वतःचा लांबलचक पत्ता मिळाला. नियम लिहायला नको, वही नको. फायरवॉलमध्ये एक परवानगी दिली की बाहेरचा माणूस थेट आतल्या यंत्रापर्यंत. नॅटसम्राट राउटरच्या पानासमोर बराच वेळ बसून राहिले. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ समोरची खूण काढून टाकली, राउटर बंद करून चालू केला आणि नव्या उत्साहाने ५५४ चा नियम पुन्हा लिहायला घेतला. कारण विचारल्यावर म्हणाले, "अजून नीट सेटल झालं नाहीये ते."

तेव्हा असे कुणी तुमच्याकडे यायचे असतील तर एवढं कराच. राउटरच्या ॲडमिन पानावर 'बॅकअप' नावाचं एक बटण असतं. पाहुणे जिना चढत असतानाच ते दाबा आणि आलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन फडताळात ठेवा. चहा नंतर टाकलात तरी चालेल.