नोटीसशेठ

सकाळी बोईसर स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं, की कोण कुठे कामाला आहे ते चेहरा न बघताच सांगता येतं. पायात सेफ्टी शूज आणि नजर शेअर रिक्षाच्या रांगेवर, तो एमआयडीसीतला. इस्त्रीचा शर्ट आणि ‘आपली बस आपल्याला सोडून जात नसते’ अशी निवांत चाल, तो टॅप्समधला, म्हणजे तारापूर अणुशक्ती केंद्रातला. आणि पाठीवर काळी बॅग, गळ्यात पट्टा, कपाळाला आठी घेऊन सगळ्यांच्या उलट दिशेने प्लॅटफॉर्मकडे धावतो तो सॉफ्टवेअरवाला.

त्याच्या बॅगेवर छापलेलं नाव आत्ताच्या कंपनीचं नसतं, आधीच्या कंपनीचं असतं. आत्ताची कंपनी बॅग देत नाही, ही त्याची पहिली तक्रार. आधीची कंपनी त्याने सोडली तेव्हा तिथे माणसाला किंमत नव्हती, मॅनेजर विषारी होता आणि चहा मशीनचा होता. आता तीच कंपनी म्हणजे रामराज्य झाली आहे. ‘तिथे निदान मशीन तरी चालू असायचं,’ असं तो हळव्या आवाजात सांगतो.

आमच्या डब्यात त्याला नोटीसशेठ म्हणतात. डहाणू लोकलच्या प्रत्येक डब्यात असा एक असतो. काही डब्यांत चार असतात, पण मग भजनी मंडळाला जागा उरत नाही. सोमवारी आमच्या शेठचा राजीनामा पक्का असतो. मंगळवारी तो मोबाइलच्या ड्राफ्टमध्ये असतो आणि सफाळ्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवला जातो. बुधवारी ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ हे शब्द कापले जातात. गुरुवारी त्याला घराचा हप्ता आठवतो. शुक्रवारी तो म्हणतो, ‘अप्रेझल होऊ दे, मग बघतो यांच्याकडे.’

नोटीस तरी किती, तर नव्वद दिवसांची. नव्या कंपनीला माणूस उद्या सकाळी हवा आणि जुनी कंपनी तीन महिने सोडत नाही. ही तक्रार तो करतो तेव्हा आम्ही कोणी हसत नाही. खरं सांगायचं तर त्याच्या दहापैकी आठ तक्रारी रास्त असतात. अडचण एवढीच, की उरलेल्या दोन तो जास्त रंगवून सांगतो.

आता अप्रेझलचंच घ्या. वर्षभर काम चांगलं, ग्राहक खूश, आणि शेवटी मॅनेजर म्हणतो, ‘तू उत्तमच आहेस, पण बेल कर्व्हमध्ये बसत नाहीस.’ म्हणजे दहा जणांच्या टीममध्ये दोघांना वर आणि एकाला खाली ढकलायचंच, हे काम बघण्याआधीच ठरलेलं. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा टॅप्समधून निवृत्त झालेले त्याचे वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘आमच्या पहिल्या दोन युनिटचंसुद्धा रेटिंग कमी केलं होतं. 210 मेगावॅटची होती, 160 वर आणली. म्हणून कोणी त्यांना सुधारणेचं पत्र दिलं नाही. 1969 पासून पन्नास वर्षं वीज दिली त्यांनी.’

‘बाबा, ती भट्टी होती.’

‘मग तुला काय समजतात?’

यावर शेठकडे उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने हा किस्सा डब्यात स्वतःचा म्हणून सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

वडिलांची पिढी तक्रार करत नव्हती असं मुळीच नाही. क्वार्टर, बस, शाळा, दवाखाना सगळं मिळूनही कॅन्टीनच्या डाळीवर त्यांनी जन्मभर टीका केली. फरक इतकाच, की ती डाळीवर होती; डाळ ‘आपलं कुटुंब’ आहे असं सांगायला कोणी येत नव्हतं. शेठच्या कंपनीत येतात. दर तीन महिन्यांनी टाऊन हॉल नावाची सभा भरते. तिथे अमेरिकेतून एक साहेब पडद्यावर येतो आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगतो. मग एचआरची मुलगी फन फ्रायडेला सगळ्यांना फेटे बांधायला लावते. शेठ म्हणतो, ‘पगारवाढ साडेतीन टक्के आणि फेटा पाच मीटर!’

त्याच सभेच्या शेवटी साहेब विचारतो, ‘एनी क्वेश्चन्स?’ डब्यातला हा सिंह तिथे काय करतो याची आम्हाला फार उत्सुकता होती. त्याच्याच टीममधल्या एकाने एकदा विरारला चढून ते फोडलं. शेठने हात वर केला होता आणि अंधेरी स्टेशनवरून सुटणाऱ्या शटल बसची वेळ विचारली होती.

कर्मचाऱ्यांचं समाधान मोजणाऱ्या सर्व्हेतही तेच. ‘तुमचं नाव गुप्त राहील’ असं वर लिहिलेलं आणि लिंकच्या शेपटीला त्याचा एम्प्लॉयी नंबर चिकटलेला. शेठने केळवे रोड ते वैतरणा या टप्प्यात सगळ्या प्रश्नांना पाचपैकी पाच दिले आणि फोन खिशात टाकत म्हणाला, ‘हे लोक कधी सुधारणार नाहीत.’

समोरच्या बाकावरचा एमआयडीसीतला केमिकल ऑपरेटर हे सगळं ऐकून घेतो. तो डब्यात दिसतो त्या दिवशी त्याची सुट्टी असते आणि तो मुंबईला सासरी निघालेला असतो. ठेकेदाराकडे काम, सी शिफ्ट, डोळ्यांची आग. तो एकदाच बोलला, ‘साहेब, आमच्यात असं झालं की गेटवर मीटिंग होते, झेंडा लागतो. तुमच्यात काय लागतं?’ शेठ म्हणाला, ‘आमच्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.’ त्या ग्रुपमध्ये मॅनेजरही आहे, हे त्याने सांगितलं नाही.

पुण्यात आयटीवाल्यांची नाइट्स नावाची संघटना आहे, कामगार खात्याकडे तक्रारी नेते. तिच्या बातम्या शेठ आम्हाला पाठवतो. खाली ‘फक्त माहितीसाठी’ लिहून. सभासद का होत नाहीस, असं विचारलं की तो सांगतो, ‘मी लीड आहे.’ त्या लीडपदाबरोबर पगार वाढला नव्हता, फक्त सहीखालचा शब्द वाढला होता. कायद्याने व्यवस्थापकीय काम करणारा कामगार ठरत नाही, त्यामुळे हुद्दे वाटणं कंपन्यांना स्वस्त पडतं. मला वाटतं, शेठला हे पुरतं कळतं. पण वधूपित्यांना ‘लीड’ आवडतो, आणि त्याच्या धाकट्या भावाचं अजून व्हायचंय.

2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा आमचा डबा पेटला होता. शेठने हिशोब मांडला: सत्तर तर भरतातच, फक्त त्यातले वीस पश्चिम रेल्वे घेते. पुढे जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं विधान गाजलं, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार वगैरे. शेठची बायको पालघरला जिल्हा कार्यालयात आहे. ती म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, आधी एकदा बघू तर द्या.’

त्याच वर्षी जुलैत टीसीएसने सुमारे 12,000 माणसं कमी करायचं जाहीर केलं, बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. शेठची कंपनी वेगळी, पण फळी तीच. त्या आठवड्यात राजीनाम्याचा विषय निघाला नाही. सोमवारीसुद्धा नाही. त्याने ऑफिसची बॅग पोटाशी धरली होती आणि कोणीतरी ‘काय शेठ, ड्राफ्ट कुठवर?’ विचारल्यावर तो म्हणाला, ‘कंपनी तशी बरी आहे रे.’

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत रूळ अजून दोनच. चौपदरीकरण चालू आहे. लोकल 2013 साली आली, पण राजधानीला वाट द्यायची वेळ आली की ती बाजूला उभी राहते. शेठच्या डोक्यावर बाहेरून नवा मॅनेजर आणला, तेव्हा गाडी केळवे रोडला अशीच उभी होती. राजधानी धडाडत गेली. पालघरचा बँकवाला म्हणाला, ‘तो बघ तुझा नवा साहेब गेला.’ शेठ त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसला.

घरून काम असताना तो सुखी होता असं त्याला आता वाटतं. तेव्हा बंगळुरूचा मॅनेजर होता. ऐन कॉलमध्ये बोईसरची लाईट गेली आणि शेठने तसं कळवलं. मॅनेजरने नकाशा उघडून विचारलं, ‘तुमच्या शेजारी तर अणुवीज केंद्र आहे ना?’ तिथे 540 मेगावॅटची आणखी दोन युनिटं आहेत, पण ती वीज ग्रिडमध्ये जाते, आमच्या घरात येते ती महावितरणच्या तारेतून, आणि त्या तारेवर शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी पडते, हे त्याने इंग्रजीत समजावलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘सबबी सांगतो’ असा शेरा आला.

त्याचं स्वप्न ठरलेलं आहे: केळव्याला होमस्टे. तिथे त्याच्या मामाचा आहेच, पानवेलीच्या वाडीला लागून. मामाला विचारलं तर तो म्हणतो, ‘शनिवारी तुमचीच माणसं येतात. समुद्राकडे पाठ करून बसतात आणि वायफाय विचारतात. एकाने तर मलाच रेटिंग दिलं, तीन स्टार. पापलेट सातपाटीचं, ताजं, आणि तीन स्टार!’ मामा आता होमस्टे विकून नोकरी करावी म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात खरीच संधी आली. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याला संगणक विभाग सांभाळायला माणूस हवा होता. पगार जवळपास तेवढाच, घरापासून दहा मिनिटं. शेठ मुलाखतीला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी डब्यात आम्ही त्याला घेरलं.

‘मॅनेजमेंट कसं आहे?’

‘मॅनेजमेंट नाहीच. मालक समोरच्या केबिनमध्ये बसतो. काय असेल ते तोंडावर सांगा म्हणाला.’

‘तोंडावर?’ बँकवाला दचकला.

‘हो ना. अप्रेझल नाही, सर्व्हे नाही. सहाला सुटायचं, सव्वासहाला घरी.’

सगळे गप्प झाले. सव्वासहापासून रात्रीपर्यंत शेठ कोणाला काय सांगणार, हे कोणालाच सुचेना.

‘मग?’

‘नाही म्हणून कळवलं. तिथे ग्रोथ नाही.’

‘बरं केलंस,’ बँकवाला खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला. ‘कालच्या दिवसात तुझ्या या जागेवरून पालघरच्या दोघांची भांडणं झाली.’