वंशवेल अनलिमिटेड

कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती छापायची नाही, वेबसाइटच करायची, हा ठराव कुलसंमेलनात एकमताने मंजूर झाला. या कुळाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. कारण साधं होतं. पानं मांडून झाली होती आणि जिलब्यांचा वास मंडपात पोचला होता. वेबसाइट ठेवायची कुठे आणि तिचं भाडं भरायचं कुणी, हे प्रश्न जेवणानंतरही कुणाला पडले नाहीत. ते पडले पुण्यात, खजिनदारकाकांच्या दिवाणखान्यात, पोटं रिकामी असताना.

कूळ कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही. कोकणातून घाटावर आलेल्या प्रत्येक कुळाला हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटणार, आणि ते फारसं खोटंही नसणार. समितीत पाच जण. अध्यक्ष अण्णा, वीज मंडळातून निवृत्त. खजिनदारकाका, बँकेतून निवृत्त. सांगलीच्या आत्या, कशातूनच निवृत्त नाहीत. सॅन होजेचा दादा, व्हिडिओ कॉलवर. आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली अण्णांची नात. तिला समितीत घेतलं होतं ते लॅपटॉप टीव्हीला जोडण्यापुरतं.

टीव्हीवर एका होस्टिंग कंपनीचं दरपत्रक उघडलं. ही दरपत्रकं जगभर एकाच साच्यातून काढलेली असतात. तीन रकाने. डावीकडचा बघून आपण कंजूष ठरू असं वाटतं, उजवीकडचा बघून आपण कोण अंबानी लागून गेलो असं वाटतं, आणि मधल्याच्या डोक्यावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ अशी पट्टी असते. मधल्या रकान्यात ठळक अक्षरांत होतं ₹१४९ महिना, शेजारी काट मारलेले ₹४४९, आणि वर उलटं पळणारं घड्याळ: सवलत संपायला ११ मिनिटं बाकी.

“अरे, भरून टाका पटकन,” अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

नातीने काही न बोलता पान रिफ्रेश केलं. घड्याळ पुन्हा १५ मिनिटांवर गेलं.

काकांचं लक्ष घड्याळाकडे नव्हतंच. कर्जाच्या करारातली बारीक अक्षरं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. ते टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तळाची फिकट राखाडी ओळ मोठ्याने वाचली. हा भाव ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. १४९ गुणिले ४८ म्हणजे ७,१५२. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ८,४३९ रुपये ३६ पैसे. आणि चार वर्षांनी? तेव्हा काट मारलेला आकडा काट काढून उभा राहणार. ४४९ च्या भावाने तेवढ्याच मुदतीचे करासकट २५,४३१ रुपये.

“तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे मूव्ह करू की, काका,” दादा म्हणाला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि त्याच्या आवाजात उसना उत्साह होता.

हलता येतं, यात शंका नाही. फायली उतरवायच्या, डेटाबेस उतरवायचा, दोन्ही नव्या जागी चढवायचे, मेल असतील तर तेही, आणि मग डोमेनला नवा पत्ता शिकवायचा. जाणकाराचं अर्ध्या दिवसाचं काम. पण होस्टिंगचा सगळा धंदा उभा आहे तो माणूस हे अर्ध्या दिवसाचं काम कधीच करत नाही, या भक्कम पायावर. पहिल्या मुदतीत कंपनी गिऱ्हाईक विकत घेते आणि दुसऱ्या मुदतीत त्याचा आळस विकते.

“चार वर्षांनी पासवर्ड सांगायला आपल्यातलं कोण असेल ते आधी बघा,” आत्या म्हणाल्या. काकांनी हे इतिवृत्तात घेतलं नाही.

मधल्या रकान्याचं दुसरं आकर्षण म्हणजे अनलिमिटेड. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड. हा शब्द आपल्याला थाळीमुळे परिचयाचा आहे आणि हिशेबही थाळीचाच आहे. शंभरातले नव्वद जण चार पोळ्यांत आटपतात, म्हणून मालकाला ‘कितीही खा’ असं लिहिता येतं. एखादा पैलवान येऊन बसला की वाढपी त्या टेबलाकडे फिरकेनासा होतो. होस्टिंगमध्ये वाढप्याच्या या वागण्याला ‘फेअर यूज पॉलिसी’ म्हणतात. सर्वात स्वस्त म्हणजे शेअर्ड होस्टिंग. त्यात एकाच सर्व्हरवर शेकडो साइटी नांदतात आणि प्रोसेसर, मेमरी सगळ्यांत मिळून वापरतात. जागेला मर्यादा नाही असं सांगणारी कंपनी फायलींच्या संख्येला मात्र मर्यादा घालते. तिला आयनोड मर्यादा म्हणतात आणि ती जाहिरातीत नसते, नियमावलीत असते. प्रत्येक फोटो एक फाइल. शिवाय वर्डप्रेस एका फोटोच्या लहानमोठ्या चारपाच प्रती स्वतःच काढून ठेवतं. म्हणजे कुळाच्या ३,००० फोटोंच्या सहज १५ ते १८ हजार फायली होतात. कंपनी तरीही काही बोलत नाही, कारण तिची मर्यादा बहुधा लाखांत असते. पण अनलिमिटेडला आकडा असतो, एवढं कळलं तरी माणूस जरा शांत होतो.

गरज किती, हा प्रश्न आत्तापर्यंत कुणी विचारलाच नव्हता. नातीने विचारला. कुळात ४०० घरं. उत्साहाच्या भरात धरलं की महिन्याला ६०० जण येतील, प्रत्येक जण ५ पानं बघेल आणि प्रत्येक पान २ एमबीचं असेल. झाले ६,००० एमबी, साधारण ६ जीबी. फोटो मोबाइलमधून आले तसे, प्रत्येकी ४ एमबीचे चढवले तर १२ जीबी. २०० केबीला आवळून बसवले तर सगळे मिळून ६०० एमबी. डावीकडच्या, कंजूष रकान्यात एवढं आरामात मावून वर जागा उरत होती.

ही आकडेवारी समितीला आवडली नाही. माणसाला आपली वेबसाइट गर्दीने कोसळेल अशी मनापासून भीती वाटते, आणि त्या भीतीत एक गोड आशा असते. अण्णांना दहावीच्या निकालाचा दिवस आठवत होता, दुपारी एकच्या ठोक्याला लाखो पोरं एकदम धडकतात तो. कुलवृत्तांतातली सातव्या पिढीची पानं बघायला दुपारी एकच्या ठोक्याला कोण धडकणार, हे त्यांना तोंडावर विचारण्याची हिंमत फक्त आत्यांत होती आणि त्यांनी ती दाखवली. दादा व्हीपीएस घ्या म्हणत होता. व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरने पाडलेले हिस्से. आपल्या हिश्श्याची मेमरी फक्त आपली. सोय चांगली, पण साध्या व्हीपीएसवर ऑपरेटिंग सिस्टीमची निगा आपल्याच गळ्यात येते. अपडेट करायचे, भगदाडं बुजवायची, रात्री काही बंद पडलं तर आपणच उठायचं. “मी बघेन की,” दादा म्हणाला. गणपतीला येतो असंही तो दरवर्षी म्हणतो.

मग काकांनी आपला तक्ता बाहेर काढला. नामांकित कंपन्यांची त्यांनी आठवडाभर खपून तुलना केली होती, परीक्षणं वाचली होती. त्या परीक्षणांच्या शेवटी ‘या दुव्यावरून खरेदी केलीत तर आम्हाला मोबदला मिळतो’ अशी ओळ होती आणि ज्याचा मोबदला जास्त त्याला तारे जास्त, असा काकांचा पक्का संशय होता. पण खरी गंमत पुढे झाली. वंशावळ काढण्यात या मंडळींचा हात धरणारं कुणी नाही. नातीने सहज म्हणून ब्लूहोस्टचा मालक कोण ते शोधलं आणि बघता बघता समिती मूळ पुरुषापर्यंत पोचली.

ब्लूहोस्ट २००३ ची, अमेरिकेतल्या युटाची. होस्टगेटर २००२ ची, फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खोलीत सुरू केलेली. बिगरॉक आपल्या मुंबईची: भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी वडिलांकडून २५,००० रुपये उसने घेऊन १९९८ मध्ये डिरेक्टी कंपनी काढली, तिचं हे अपत्य. तीन गावं, तीन घराणी. पण २०१० मध्ये ब्लूहोस्ट, २०१२ मध्ये होस्टगेटर आणि २०१४ मध्ये बिगरॉक अशी तिन्ही एंड्युरन्स नावाच्या एकाच कंपनीने दत्तक घेतली. २०२१ मध्ये एंड्युरन्सचं वेब डॉट कॉमशी शुभमंगल झालं आणि घराण्याचं नाव पडलं न्यूफोल्ड डिजिटल. काकांच्या तक्त्यातले तीन प्रतिस्पर्धी सख्खे चुलत निघाले.

“सगोत्र आहेत!” अण्णा ओरडले. त्या संध्याकाळी त्यांना निखळ आनंद झालेला हा एकच क्षण.

यापुढे चर्चेला रंग चढला, कारण आता प्रत्येकाला आपल्या विषयाचं काहीतरी सापडू लागलं. कंपनीने ९९.९ टक्के अपटाइमची हमी दिली होती. वाचायला भारदस्त. पण वर्षाचे तास ८,७६०. त्यातला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी हमी अभंग. “आमच्या वेळी एवढं एका गुरुवारात व्हायचं,” अण्णा म्हणाले आणि हमी उदार मनाने मान्य करून मोकळे झाले. हमी मोडली तर मिळतं काय, तर बहुधा पुढच्या बिलात थोडी सूट, तीही आपण मागितली तर.

सर्व्हर कुठे असावा यावर आत्या आणि दादा यांच्यात जुंपली. दादाचं म्हणणं, अमेरिकेत ठेवा. आता मुंबईहून कॅलिफोर्निया सरळ रेषेत १३,००० किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येऊन सेकंदाचा आठवा भाग नुसता प्रवासात जाणार, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. एका पानासाठी अशा खेपा बऱ्याच होतात. बघणारे बहुतेक सांगली, पुणे, डोंबिवलीतले. सर्व्हरची शेतं तर दारात: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात केंद्र काढलं, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, आणि नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांगच लागली आहे. “ऐरोलीला आपली सुमी राहते,” आत्या म्हणाल्या. सर्व्हर भारतात ठरला.

बॅकअपचा मुद्दा खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता. तो दरपत्रकात ‘मोफत बॅकअप’ या दोन शब्दांत उरकलेला असतो आणि माणसं तिथे टिकमार्क बघून पुढे जातात. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या पाच मजली डेटा सेंटरला आग लागली आणि ते जळून गेलं. सुदैवाने माणसं वाचली. लाखो साइटी बंद पडल्या. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या सर्व्हरांचा डेटा कायमचा गेला. आणि ज्यांनी बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते अशा काही गिऱ्हाइकांना कळलं की बॅकअपही त्याच इमारतीत होता. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये भरपाईचा आदेशही झाला. पण भरपाईतून फायली परत येत नाहीत.

हे ऐकून दिवाणखान्यात कुणी हसलं नाही. या कुळाची मूळ हस्तलिखित वंशावळ आणि तिची काळजीपूर्वक करून ठेवलेली नक्कल माळ्यावर एकाच ट्रंकेत होती, आणि वाळवीने आधी नक्कल खाल्ली होती.

एक प्रत पुण्यात हार्ड डिस्कवर, एक सांगलीला आत्यांकडे, असं ठरलं. मग नातीने आपला बॉम्ब टाकला. कुलवृत्तांत रोज बदलत नाही, त्यामुळे डेटाबेसची गरजच नाही. साधी स्थिर पानं करून गिटहब पेजेसवर ठेवता येतील. एक जीबीपर्यंतची साइट आणि महिन्याला १०० जीबीपर्यंतची ये-जा, फुकट.

सन्नाटा. फुकट हा पर्याय समितीला अपमानास्पद वाटला. देणग्या गोळा झाल्या होत्या, देणगीदारांची यादी पहिल्या पानावर जायची होती, आणि खर्च शून्य दाखवला असता तर काकांना हिशेब तपासनीसाला तोंड दाखवता आलं नसतं. फुकटाचा इतिहासही फारसा धीर देणारा नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी फुकट घरं बांधली, १९९९ मध्ये याहूने ती साडेतीनशे कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये कुलूप लावलं. नातीची योजना तरीही सगळ्यात शहाणपणाची होती. ती फेटाळली गेली. डावीकडचा रकाना, पण एकाच वर्षासाठी, असा तोडगा निघाला. कार्टमध्ये आपोआप टिक झालेल्या तीन जादा सेवा काकांनी एकेक करून काढून टाकल्या. त्यांत एसएसएल प्रमाणपत्रही होतं. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ते २०१५ पासून फुकट देते आणि ते आपोआप बसवून देण्याची सोय याच कंपनीच्या नियंत्रण फलकात होती. इथे मात्र फुकट कुणाला खुपलं नाही.

राहिलं डोमेन. ते एखाद्या भाच्याच्या नावावर घेऊ नये, हा शहाणपणाचा सल्ला कुणी देत नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलवाले बाहेर अडकले. शेवटी मायकल चेनी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून तिची लाज राखली. म्हणून डोमेन कुलमंडळाच्या नावाने घ्यायचं, मेल मंडळाचा, आणि मोबाइल खजिनदाराचा, असं लेखी ठरलं.

नातीने कार्डाचा नंबर टाकला. काकांचा फोन वाजला.

“काका, ओटीपी सांगा.”

“ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो,” काका म्हणाले. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी गिऱ्हाइकांना हेच बजावलं होतं.

“काका, मी घरातली आहे.”

“फसवणूक घरातलेच करतात. सर्क्युलर आहे.”

त्यांनी लॅपटॉप मागितला. चष्मा बदलला. सहापैकी चार आकडे टाकून होईतो मुदत संपली. दुसरा ओटीपी आला तेव्हा त्यांनी पहिलाच पुन्हा टाकला. तिसऱ्या वेळी अण्णा मागून डोकावले म्हणून काकांनी फोन छातीशी धरला आणि समितीला पाठ करून बसायला सांगितलं. सॅन होजेच्या दादालाही कॅमेरा बंद करावा लागला.