उमरग्यात वाक्य मोडतं

सरकारी अॅप मराठीत आणायचं म्हणजे इंग्रजी वाक्यांचे तुकडे तक्त्यात मांडायचे आणि शेजारच्या रकान्यात मराठी भरून घ्यायची. ही पद्धत बंद करा. भाषांतरकार कितीही जाणता असला तरी हा साचाच मराठीला पुरत नाही.

आमचा धाराशिव जिल्हा घ्या. साच्यात तालुक्याच्या नावाची जागा रिकामी असते आणि तिला ‘मध्ये’ चिकटवलेलं असतं. धाराशिव घालून पाहिलं, वाक्य ठीक. तुळजापूर, कळंब, भूम, वाशी, तीही ठीक. मग उमरगा, लोहारा, परंडा येतात आणि पडद्यावर ‘उमरगामध्ये’, ‘परंडामध्ये’ उमटतं. उमरग्यातलं शाळकरी पोरही असं बोलत नाही. आठपैकी तीन तालुके चुकतात, पण जिल्ह्याच्या नावावर चाचणी उरकणाऱ्याला ते दिसत नाहीत. २०२३च्या नावबदलानंही ते दिसलं नसतं, कारण उस्मानाबाद काय, धाराशिव काय, ‘मध्ये’ लागताना दोन्ही नावं बदलत नाहीत.

पिकांचं त्याहून बिकट. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी अॅपवर शेतकरी स्वतःच सातबाऱ्यावर पीक नोंदवतो. अशा कामात वाक्य चुकलं म्हणून नोंद झाली की नाही, ही शंका त्याच्या मनात का यावी? सोयाबीन नोंदवलं, तूर नोंदवली, हरभरा नोंदवला. पिकाची जागा रिकामी ठेवून क्रियापद गोठवणारा साचा यातलं एकच बरोबर लिहील.

इलाज हाताशी आहे, म्हणून चीड येते. मोझिलाच्या फ्लुएंट या अॅप-भाषांतराच्या प्रणालीची १.० आवृत्ती २०१९मध्येच आली. तिच्यात शब्दाबरोबर लिंग आणि विभक्तीची रूपं ठेवता येतात, कोणतं कुठे वापरायचं ते भाषांतरकार ठरवतो; प्रोग्रामरला मराठी यायची गरज नाही. मात्र तालुके आणि पिकं बाहेरच्या यादीतून येतात, तेव्हा त्या यादीतच रकाना वाढवावा लागेल: तालुक्यापुढे उमरग्या, लोहाऱ्या, परंड्या ही सामान्यरूपं, पिकापुढे लिंग. गावांच्या यादीला वेळ लागेल. ती मुंबईत बसून भरू नका. येरमाळ्याचं रूप येरमाळ्यातच विचारा.

आणि निविदेत अट घाला. आठही तालुके आणि तूर, हरभरा, सोयाबीन ही तिन्ही पिकं घालून प्रत्येक वाक्य इथल्या शेतकऱ्यांपुढे मोठ्यानं वाचायचं. जे खटकेल ते दुरुस्त होईपर्यंत बिल निघणार नाही.