केव्हीए आणि व्याही

आमच्या मंगल कार्यालयात डिजिटल मीटर बसल्यापासून मी पॅनलसमोर हात मागे बांधून उभा राहतो. गरज काहीच नसते. पण लाल आकडे भराभर बदलत असताना समोर कोणीतरी गंभीर चेहऱ्याचं माणूस हवं, नाहीतर मशीनला एकटं वाटतं. येणारा-जाणारा विचारतो, "सगळं ठीक ना?" मी क्षणभर थांबतो, "बी फेजला लोड जरा जास्त आहे," म्हणतो आणि डेकोरेटरच्या पोराला हाक मारतो. तो माझ्या आधीच हॅलोजनची वायर दुसऱ्या फेजवर घेत असतो. याची नोंद मी ठेवतो, वाच्यता करत नाही.

बायको म्हणते, मंगलाष्टकं चालू असताना मी नवरा-नवरीकडे न बघता अँपिअर बघतो. बघतोच. भर दुपारचा मुहूर्त ज्यांनी आलेखावर पाहिला नाही, त्यांना त्याची शोभा काय कळणार! हॉलचे एसी, स्टेजवरचे दिवे, मुदपाकखान्यातला ग्राइंडर आणि कुठल्याशा मावशींनी ऐन वेळी लावलेली इस्त्री, सगळं एकदम. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे करारात ठरलेल्या मागणीच्या, वर गेलं की तेवढ्या भागाला महावितरण दंडाचा जादा आकार लावते. भटजींचं 'सावधान' खरं तर मलाच उद्देशून असतं.

पॉवर फॅक्टर म्हणजे काय, हे मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. केव्हीए म्हणजे पंगतीला बसलेलं अख्खं वऱ्हाड आणि किलोवॅट म्हणजे त्यातली कामाला हात लावणारी माणसं. कामाच्या माणसांना वऱ्हाडाने भागलं की पॉवर फॅक्टर. उत्तर एक आलं तर सोन्याहून पिवळं. एसीच्या आणि पंपाच्या मोटारी तो खाली ओढतात, कपॅसिटर त्याला परत वर आणतात. आमचा 0.99 असतो. हे मी ओळख करून देतानाच सांगतो.

आणि एडिसनवर आलो की मला कोणी आवरू शकत नाही. 1880 च्या दशकात त्याचं मीटर म्हणजे चक्क एक बरणी होती. आत द्रावण, त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. विजेचा लहानसा वाटा त्यातून जायचा आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. ठरल्या वेळी माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाणार, तराजूत तोलणार, मग बिल. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीतच दिवा लावायचे, म्हणजे वीज मोजायलाही वीज! पुढे 1889 मध्ये बुडापेस्टच्या ओट्टो ब्लाथीने इंडक्शन मीटरचं पेटंट घेतलं, आणि आली ती चकती. तिच्यावरची काळी खूण फिरून समोर येईपर्यंत आम्ही लहानपणी श्वास रोखून बसायचो. चकती जोरात फिरायला लागली की आमचे वडीलही खोल्याखोल्यांतून फिरायला लागायचे.

हे सगळं मी एका वधूपित्याला ऐकवत होतो. पाठवणी होऊन गेली होती आणि ते बिलावर सही करायला पेन उघडून उभे होते. आमच्याकडे विजेचे पैसे रीडिंगप्रमाणे. सुरुवातीचं, शेवटचं, प्रत्येक सबमीटरचं वेगळं. मी उत्साहाने स्क्रीनवर वरपक्षाच्या खोल्या काढून दाखवल्या. सीमांतपूजनाच्या संध्याकाळपासून एसीची रेघ सलग. मुहूर्ताला माणूस न् माणूस हॉलमध्ये अक्षता टाकत होता, तरी रेघ तसूभर उतरलेली नाही. म्हणजे रिकाम्या खोल्या गार होत होत्या.

"एवढं बारीक कळतं?" त्यांनी विचारलं.

"दोन दशांश स्थळांपर्यंत!" मी फुगलो.

त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली, सही केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना यातलं काही बोलू नका हं. पोरगी आजच त्यांच्या घरी गेलीये."

माझे दशांश घशातच राहिले. मीटर प्रत्येक खोलीचा हिशेब वेगळा ठेवतं. आपण मात्र सगळ्यांची बेरीज करून तो कागद एकाच माणसापुढे सरकवतो, आणि ज्यांच्यासाठी त्या खोल्या रिकाम्या गार होत होत्या त्यांना आकडा दिसतसुद्धा नाही. महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. पण सगळं वधूपित्यानेच भरायचं, हा दर कोणी ठरवला? शिकलेली, मोटारीतून आलेली माणसंही तो मुकाट्याने घेतात, याचा मला मनस्वी संताप येतो. त्यात तो कागद सरकवणारा हात माझाच.

आता आमच्याकडे सुरुवातीचं रीडिंग दोन्ही व्याह्यांसमोर घेतलं जातं आणि खाली दोघांच्या सह्या लागतात. वराचे वडील हमखास विचारतात, "आमची सही कशाला?" मी हात मागे बांधतो, पॅनलकडे बघतो आणि म्हणतो, "मॅक्सिमम डिमांडचा प्रश्न आहे. तिथे वरपक्षाची सही लागते."

आजवर एकाही व्याह्याने यावर पुढचा प्रश्न विचारलेला नाही.