टप्पेकाका

मारेगावात विमान येतं ते आवाजापुरतं. वर घरघर झाली की बाकीचे आभाळाकडे पाहतात. टप्पेकाका खिशातून दोरा काढतात.

काका एसटीत कंडक्टर होते, वणी डेपोला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी सहा किलोमीटरचा एक टप्पा हे माप काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. तहसील किती लांब, असं विचारलं तरी उत्तर येतं, "टप्प्याच्या आत." गावची पोरं शिकून परदेशी गेली तशी काकांची लाइनही वाढत गेली.

शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीला. "लय दूर पडते का हो, भाऊ?" एवढंच त्या बोलल्या. काका घरातून पृथ्वीचा गोल घेऊन आले. आणला नातवासाठी, नातवाला हात लावायची परवानगी नाही. आधी विषुववृत्तावरून दोरा फिरवला, 80 सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला 500. मग एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. 25 सेंटिमीटर.

"साडेबारा हजार. 2,083 टप्पे आन् वर दोन किलोमीटर. दोनाचाबी पुरा टप्पा धरा लागते. 2,084."

काकूंची नजर दोऱ्यावर. तो सरळ पश्चिमेला जायचं सोडून अफगाणिस्तान, रशिया करत बर्फात शिरला होता.

"हे तर भलतीकडंच चाललं!"

"भिंतीवरचा नकाशा फसवते, वहिनी. गोलावर ताणला दोरा, तोच जवळचा रस्ता."

मी मध्ये तोंड घातलं. 2016 साली एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. 15,300 किलोमीटर, रस्ता लांबचा, पण वारा पाठीशी असल्यानं वेळ वाचला. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते ठीक हाय. पन तिकीट कोन्त्या लाइनीचं फाडलं?"

मोजणीच्या धंद्यात काका एकाच माणसाला मानतात, विल्यम लॅम्बटनला. या साहेबानं 1802 मध्ये मद्रासला शंभर फुटी पोलादी साखळीनं जमीन मोजून पाया धरला आणि पुढे कोन मोजत मोजत, अर्ध्या टनाचं यंत्र वागवत, पृथ्वीचा बाक शोधत तो उत्तरेला सरकत राहिला. जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. नागपूरला जाताना हिंगणघाट आलं की काका खिडकीतून हात जोडतात. "एकवीस वर्षं एकच रूट. आन् गेला तोबी ड्युटीवर." शेजारच्या सीटवरचा माणूस कुठलं देऊळ म्हणून बाहेर वाकून पाहतो.

काकूंना लॅम्बटनशी देणंघेणं नव्हतं. "पोरगा नागपूरले उतरते. तिथून मारेगाव किती?"

काकांनी दोरा गोलावर धरला, चष्मा सारला, पुन्हा धरला. तीन मिलिमीटरही भरेना. दोऱ्याच्या टोकाला मारलेल्या गाठीखाली नागपूर, वणी, मारेगाव, सगळं झाकलं गेलं होतं.

"गाठीत गेलं," काका म्हणाले. मग गोल खाली ठेवला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बोटांवर मोजलं. "दीडशेच्या घरात. पंचवीस टप्पे. सोनेगावच्या विमानतळावर दिवसा उतरजो म्हना त्याले. रातच्या पंचवीस टप्प्यायचं काही खरं नसते."