राखण

कोंबड्या पाळण्यात कोंबड्यांचा भाग तसा थोडाच. बाकी सगळा कारभार मुंगसाचा असतो. आमच्या घरामागच्या परड्यात खुराडं कुठे बांधावं, त्याचं दार कुठल्या अंगाला उघडावं, कडी एक असावी की दोन, हे सारं गडग्याच्या भोकातून अधूनमधून डोकावणाऱ्या त्या करड्या गृहस्थाकडे पाहून ठरलं. बाजारात षट्कोनी भोकांची जी कोंबड्यांची जाळी मिळते, ती इमानदारीत फक्त कोंबड्यांनाच अडवते. मुंगसाला अडवायचं तर अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड जाळी लागते, आणि तीही फूटभर जमिनीत गाडलेली, कारण दारातून प्रवेश नाकारला की हे महाशय पायथ्याशी उकरायला बसतात. बरं, मुंगूस दिवसाचा कामगार. तो घरी गेला की रात्रपाळीला उदमांजर आणि रानमांजर हजर होतात. आभाळातून शिक्रा आणि घार. त्यांच्यासाठी वर एक जुनं मासेमारीचं जाळं ताणलंय; ज्यात कधीकाळी बांगडे तडफडले असतील, त्यात आता फणसाची पिवळी पानं अडकतात आणि वाऱ्यावर उगाच हलत राहतात.

इतका बंदोबस्त ज्यांच्यासाठी, त्या मात्र निर्धास्त असतात. दुपारी पेरूच्या झाडाखाली कावेरी नावाची आमची कोंबडी धुळीत अंघोळ करते तेव्हा जवळ बसून पाहावं. आधी पायांनी खळगा करते, मग एका कुशीवर कलंडून पंखांनी माती अंगावर ओढून घेते आणि डोळे मिटते. तिची पापणी खालून वर येते. आपण वरून खाली मिटणारी माणसं, त्यामुळे ते पाहताना जग क्षणभर उलटं लागल्यासारखं वाटतं. चिंता करायला कोंबडा समर्थ आहे. घार दिसली की तो लांब, बारीक सूर काढतो. कुत्रं-मांजर दिसलं की तुटक, ठसक्यातला कलकलाट. दोन्हींत गल्लत करत नाही. फक्त 2021 साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून विमानालाही तो घारीचाच सूर लावतो, आणि साऱ्या कोंबड्या अळवाखाली जाऊन बसतात. विमान उतरतं. कुणालाही उचलून नेत नाही. कोंबडा त्याचं श्रेय घेतो.

खरं तर परड्यातलं अर्धं कुंपण कोंबड्यांसाठी नाहीच, कोंबड्यांपासून आहे. अबोलीची रोपं त्यांनी मुळासकट उकरली. लाल झालेल्या लवंगी मिरच्या तर त्या डोळ्यांत पाणी न आणता खातात, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. घरचे सगळे नाक पुसत जेवतात आणि खिडकीबाहेर ही बाई दुसरी मिरची तोडते. आपापसात मात्र त्यांच्यात कडक शिस्त. आधी कुणी खायचं, कुणाला कुणी टोचायचं, दांडीवर वरची जागा कुणाची, सगळं ठरलेलं. या टोचाटोचीच्या उतरंडीचा 1920च्या दशकात नॉर्वेतल्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकानं शास्त्रशुद्ध मागोवा घेतला. लहानपणापासून तो कोंबड्यांकडे टक लावून बघायचा म्हणे. आमच्याकडच्या लग्नांतली पहिली पंगत त्यानं पाहिली असती, तर कोंबड्यांची गरज पडली नसती.

आजीच्या काळी जाळी नव्हती, खुराडंही नव्हतं. बांबूचं डालगं होतं आणि त्यावर एक चिरा. तिन्हीसांजेला कोंबड्यांना दिसेनासं होतं, म्हणून त्या आपणहून पडवीत येत, आणि ओटीवरून आजीचा आवाज यायचा, "कोंबडी डाललंस काय रे?" डालली म्हटलं तरी ती उठून यायचीच. पुढे तिला दिसेना, तेव्हा डालग्याची कड थोडी उचलून हात आत घालायची आणि एकेकीच्या पाठीवरून फिरवायची. कोंबड्या झोपेत जराशा कुरकुरत, पण टोचत नसत. ही तांबडी, ही भुरी, ही खुडूक बसलेली, असं ती बोटांनी ओळखायची. कधी एखादी कमी भरली तर त्या रात्री जेवणावर तिचं लक्ष नसे, आणि जेवणात कोंबडीचीच सागुती असली तरी यात तिला काही विसंगत वाटत नसे. आम्हालाही वाटलं नाही.

विसंगती उघडी पडली ती राखण द्यायच्या दिवसांत. आमच्या भागात गावच्या राखणदाराला वर्षाकाठी कोंबडा देतात. त्यानं आपली गुरं, माणसं, माडबागा सांभाळाव्यात म्हणून. म्हणजे रात्रभर बॅटरी घेऊन ज्याला आपण राखायचं, तोच आपली राखण करणाऱ्याला द्यायचा. घरचा कोंबडा द्यायला कुणी धजेना, तेव्हा बाबा आठवडा बाजारातून एक अनोळखी कोंबडा घेऊन आले, पाय बांधून, पिशवीतून. "याला कुणी नाव ठेवायचं नाही," असं त्यांनी पुतणीला बजावलं. पण एक रात्र त्याला ठेवायचं कुठे? खुराड्यात. उदमांजराचं भय होतंच, म्हणून दोन्ही कड्या लावल्या, आणि मध्यरात्री बाबाच उठून त्या तपासून आले. येताना कणीची वाटी रिकामी होती.

सकाळी कळलं की त्याचं नाव शंकरराव आहे. यंदा राखणदाराची नारळावर समजूत घातली गेली. शंकरराव पहाटे साडेतीनला आरवतो, आधीच्या कोंबड्याशी त्याचं मुळीच पटत नाही, आणि दोघांना वेगळं ठेवायचं म्हणून बाबा कालच जाळीवाल्याकडे जाऊन अर्ध्या इंचाचा भाव विचारून आलेत.